पाखरं पाहणाऱ्या मॅडम

मी रुजू झाले त्या दिवशी मॅडमनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "झाडूवाली किती वाजता येते हे तुमी ठरवनार का हेडमास्तर?"

मी म्हटलं, बहुतेक मीच ठरवणार.

"मंग साताच्या आधी न्हानीमागच्या भिंतीले कोनी हात लावायचा नाई. येवढं एक करा. बाकी तुमी काईबी करा."

झरी जामणी तालुक्यातली ती मुलींची निवासी शाळा. डांबरी रस्ता संपला की तिचं फाटक लागायचं. मागे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे तिळाची दोन शेतं आणि मग सागाचं जंगल. एसटी दिवसातून दोनदा. मोबाइलला रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीची शिडी चढायची. मी उमरखेडची, वय चोवीस, पहिली नोकरी आणि तीही वॉर्डनची. साठ-सत्तर मुलींची जबाबदारी. स्वभावाने मी मुळातच भित्री. पालीला भ्यायची, अंधाराला भ्यायची, पण सगळ्यांत जास्त भ्यायची ती दिव्यावर येणाऱ्या पतंगांना. लहानपणी एकदा माझ्या कानात पतंग शिरला होता. आईने कोमट तेल ओतून तो बाहेर काढेपर्यंत आत डोक्यात फडफडत होता. तो आवाज आठवला की अजूनही माझा हात आपोआप कानावर जातो.

आणि मला शाळा मिळाली ती अशी, जिथे एक बाई पतंग जमवत होत्या. निदान पहिल्या आठवड्यात मला तसंच वाटलं. नंतर कळलं की त्या जमवत नव्हत्या. टाचणी टोचून ठेवणं, बाटलीत कोंडणं असलं काही नाही. त्या नुसत्या बघायच्या, आणि पतंगांना पाखरं म्हणायच्या.

न्हाणीघरांच्या मागे एक लांब भिंत होती. मुलींना रात्री भीती नको म्हणून तिच्यावर एक मोठा दिवा सुरू असायचा. रात्रभर त्या दिव्यावर जे काही येई ते पहाटे भिंतीवर बसलेलं असे. दर दिवाळीत मॅडम स्वतः पदर खोचून त्या भिंतीला चुना मारत. बाकीच्या भिंती कशा का असेनात, ही पांढरीच हवी. पहाटे साडेपाचला त्या यायच्या. साडीवर पुरुषी शर्ट, गळ्यात बुटाच्या नाडीने बांधलेलं भिंग, काखेत दोनशेपानी वही. दिवस उजाडून साळुंक्या यायच्या आत सगळी भिंत बघून व्हायला हवी. साळुंक्या आल्या की त्या वही मिटून बाजूला व्हायच्या. हाकलायच्या मात्र नाहीत. "त्याइचा नाश्ता हाये," म्हणायच्या.

त्या विज्ञान शिकवत असतील असं कोणालाही वाटेल. त्या गणित शिकवायच्या. पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातल्या. खोलीत एक लोखंडी पलंग, एक स्टोव्ह, बुद्धाची लहानशी मूर्ती आणि वह्यांची चळत. त्यांच्या आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा घरातली सगळी भुतंखेतं, नवस, अंगारे एकाच दिवशी बाहेर काढली होती. हे त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या. "आमच्या घरात भूत नावाचं मानूस चार पिढ्यांत जेवाले आलं नाई."

फळ्यावर त्यांची गणितंसुद्धा भिंतीवरचीच असत. भिंतीवर सदतीस पाखरं, पालीने पाच खाल्ली, उरलेल्यांपैकी एक तृतीयांश पिवळी. मुली विचारायच्या, "मॅडम, पाली किती होत्या?" मग वर्ग हसायचा, आणि मॅडम गंभीरपणे सांगायच्या, "दोन. एक गाभन होती."

बहुतेक पाखरांची मराठी नावं त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच ठेवली होती. वाळल्या पानासारखं दिसणारं ते पानसोंग्या. पक्ष्याची शीट पडल्यासारखं बसणारं ते शिटोड्या. आणि पोपटी रंगाचं, लांब शेपट्यांचं, तळहाताएवढं एक कधीतरी यायचं, ती नवरी. ती आली की मॅडम सगळ्या मुलींना उठवून आणायच्या.

"हिले तोंड नाई," त्या सांगायच्या. "खात नाई, पेत नाई. अळी असतानी खाल्लं तेवढ्यावर आठेक दिवस जगते, अंडे घालते आन जाते."

स्वयंपाकाच्या शांतामावशी एकदा ते ऐकून म्हणाल्या, "आठ दिवस उपाशी? माय वं, पोटात काई घालता नाई येत का तिले?" मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं, की फुलपाखरं सोडून हे काय पाहत बसता? त्या म्हणाल्या, "फुलपाखरू दिवसा येते, तं त्याच्यावर गाने. हे रातच्याले येते, तं याच्यावर चप्पल. आन संख्येनं पाह्यसान तं हेच जास्त. एका फुलपाखरामागं याइच्या दहा जाती असतीन. कोनी मोजतच नाई."

माझी भीती घालवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. भिंतीपासून दहा पावलांवर रेघ मारली. रोज पहाटे मी तिथे उभं राहायचं आणि एक पाऊल पुढे यायचं. सातव्या दिवशी मी तीन पावलांवर पोहोचले. तिथे माझे पाय जे थांबले ते थांबलेच. मॅडमनी आग्रह केला नाही. "तीन पावलं म्हंजे लय झालं," म्हणाल्या.

भाद्रपद होता. मागच्या शेतात तीळ फुलला होता. संध्याकाळी मुली जेवायला पंगतीत बसल्या होत्या, मी वाढपावर लक्ष ठेवून होते. एवढ्यात उघड्या खिडकीतून काहीतरी आत आलं. चिमणी असेल असं मला वाटलं. ते दिव्यावर दोनदा आपटलं आणि खाली येऊन सातवीतल्या अर्चनाच्या वेणीवर बसलं.

अर्चना तांड्यावरची, बोलायला चुणचुणीत, धीट पोरगी. तिने हात मारला. आणि ते पाखरू ओरडलं.

पाखरू ओरडतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. उंदराचं पिल्लू चिरकावं तसा बारीक, तीक्ष्ण आवाज. ते जमिनीवर पडलं, पंख पसरले आणि सगळ्यांना त्याची पाठ दिसली. पाठीवर पिवळट कवटी होती. दोन डोळे, खाली जबडा.

"मुडद्याचं पाखरू हाये वं!" शांतामावशींच्या हातून वरणाचं भगोणं सुटलं. पोरी किंचाळत एकमेकींवर पडायला लागल्या. कोणीतरी दिवा घालवला, म्हणजे ते बाहेर जाईल म्हणून, आणि मग तर काही विचारू नका. अंधारात ते पुन्हा चिरकलं. दोन मुली दातखीळ बसून पडल्या.

मी काय केलं ते सांगते. मी वॉर्डन, आणि सगळ्यांत आधी दाराबाहेर पळाले ती मी.

व्हरांड्यातून मॅडम आल्या. त्यांनी मला बाजूला सारलं, आत जाऊन दिवा लावला, खाली बसल्या आणि ते पाखरू ओंजळीत अलगद उचललं. ते त्यांच्या हातातही चिरकत होतं.

"चूप! आयका जरा," त्या म्हणाल्या. "हे भेलं हाये. तुमी भेल्यावर ओरडता तसंच हे ओरडून राह्यलं. आतमधी हवा ओढते आन सोडते, बाजाच्या पेटीवानी. आन हे तोंड नाई, दोन ठिपके आन एक डाग हाये. तोंड आपुन करतो त्याचं."

चार-पाच मुली हळूहळू जवळ गेल्या. एकीने बोट लावून पाहिलं. अर्चना मात्र कोपऱ्यात वेणी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मॅडमनी तिला बोलावलं, ती आली नाही. त्यांनी पाखरू खिडकीबाहेर सोडून दिलं.

पण चौकीदाराने मोबाइलवर फोटो काढला होता. तो फोटो गावात गेला, गावातून पाड्यांवर, तांड्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी दोन आया मुलींना घरी न्यायला आल्या. शाळेतल्या बाईंनी कवटीचं पाखरू पाळलं आहे, ते ज्याच्यावर बसतं त्याला सोबत नेतं, असं त्यांना कळलं होतं. मुली न्हाणीमागे जाईनात. रात्री दिवा घालवू देईनात. पलंगावर एकटं झोपायला तर कोणीच तयार नव्हतं. सगळ्या मिळून माझ्याकडे आल्या: आम्ही गाद्या खाली टाकून एकत्र झोपतो.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या माझ्या खोलीत आल्या. "पावसाचे दिवस हायेत. खाली नोको झोपू देऊ पोरीले."

"त्या घाबरल्या आहेत, मॅडम."

"भेव दोन दिवसात जाते."

"तुमच्यामुळेच हे सगळं झालंय," असं मी तेव्हा म्हणाले. मी परवानगी दिली. मुलींनी गाद्या जमिनीवर टाकल्या.

चौथ्या दिवशी पहाटे मैत्रिणीने अर्चनाला हलवून उठवायचा प्रयत्न केला. ती पोट धरून कण्हत होती. मी गेले तोवर तिच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. बोलत होती, पण जीभ जड झाल्यासारखं. "याडी, याडी," एवढंच कळत होतं. आईला हाक मारत होती ती.

खोलीभर एकच कुजबुज. तिच्यावरच बसलं होतं. तिच्याच वेणीवर.

शांतामावशी रडत मला म्हणाल्या, "बाई, वेळ नोका घालवू. बाजूच्या गावात भगत हाये, त्याच्याकडे नेऊ. हे दवाखान्याचं काम नाई." चौकीदारही तेच म्हणत होता. आणि मला खोटं सांगायचं नाही, मलाही ते पटत होतं. मला सारखी ती पिवळी कवटी दिसत होती.

मॅडम भिंतीकडून तशाच धावत आल्या. अर्चनाजवळ बसल्या, तिची हनुवटी धरली.

"डोये उघड, बेटा. वर पाह्य माह्याकडे."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. पापण्या उघडल्या नाहीत.

"थुका गियता येते का?"

तिला गिळता येत नव्हतं. लाळ ओठाच्या कोपऱ्यातून खाली आली. मॅडमनी तिचे हात, पाय, मान, कानामागची जागा भिंगाने तपासली. कुठे सूज नाही, रक्त नाही, दातांची खूण नाही. काहीही सापडलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"मण्यार चावली हिले. जीप बोलवा."

"पण खूण कुठे आहे?"

"मण्यारीची खूण दिसत नाई. झोपेत चावते, कळतबी नाई. माही मावशी अशीच गेली. आधी पोट दुखलं, मंग पापन्या पडल्या. आमचे लोक दुपारपावेतो म्हनत राह्यले, गॅस झाला असन." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाई, मले पक्कं माहीत नाई. पन थांबाले टाइम नाई."

पक्कं माहीत नाही, हे त्यांनी म्हणायला नको होतं असं मला वाटलं. एकीकडे भगत, जो अर्ध्या कोसावर. दुसरीकडे सरकारी दवाखाना, जंगलातून तासाभराच्या रस्त्यावर, आणि सोबत ज्या बाईंमुळे हे सगळं झालं असं अख्खं गाव म्हणत होतं त्या. मुलगी माझ्या ताब्यातली. तिला काही झालं तर तिच्या आईला उत्तर मी देणार. मी टाकीच्या शिडीवर चढले. चढताना दोनदा पायरी चुकली. गावातल्या जीपवाल्याला फोन लावला.

तो आला, पण फाटकाशीच थांबला. "बाहेरची बाधा असन तं माह्या गाडीत नोको, बाई. माह्ये लेकरंबाळं हायेत."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. शांतामावशी नंतर सांगायच्या की मी त्याच्या अंगावर धावून गेले आणि किल्ली हिसकून घेऊन म्हणाले, तू उतर, मी चालवते. मला जीप चालवता येत नाही. त्याने निमूट मागचं दार उघडलं.

तो तास मला अजून स्वप्नात येतो. अर्चनाचं डोकं मॅडमच्या मांडीवर, एका कुशीला वळवलेलं, म्हणजे लाळ आत जाऊ नये. मॅडम सारखी तिची हनुवटी पुढे ओढून धरत होत्या. दोन्ही बाजूंनी सागाची मोठमोठी पानं गाडीला घासत होती. तिचा श्वास आधी भराभर चालला, मग उथळ झाला, मग मध्येच थांबायला लागला. थांबला की मॅडम तिच्या छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "घे. घे वं माय. घे ना." आणि ती घ्यायची. एकदा मात्र फार वेळ घेतला नाही. मॅडमनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. मी बाहेर बघत होते, कारण मला आत बघवत नव्हतं. मग गाडी एका खड्ड्यात आदळली आणि अर्चनाने श्वास घेतला.

दवाखान्यातल्या डॉक्टरने पापण्या पाहिल्या आणि एक शब्द न विचारता इंजेक्शन सुरू केलं. मग तिच्या घशात नळी घातली, अॅम्ब्युलन्स आली. यवतमाळपर्यंत सोबतच्या माणसाने रबरी फुगा दाबून तिला श्वास दिला. तो थकला की फुगा मी दाबायचे. एक-दोन-सोड. एक-दोन-सोड. मॅडम मोठ्याने आकडे म्हणत होत्या. वर्गात म्हणायच्या तशाच, अगदी संथ आवाजात.

पाच दिवस ती मशीनवर होती. दुसऱ्या दिवशी चौकीदाराचा फोन आला. गाद्या उचलताना गोधडीच्या घडीत मण्यार निघाली होती, काळी, अंगावर पांढरे पट्टे. लोकांनी ती मारली. फोनवर तो म्हणाला, "मॅडमले सांगजा, त्या खऱ्या निंगल्या." मी सांगितलं.

अर्चनाची आई तांड्यावरून दोन गाड्या बदलून आली. काचेतून मुलीला पाहिलं आणि मॅडमसमोर उभी राहिली. "तुमी कोन्तं पाखरू बसोलं माह्या पोरीवर?" मी साप सापडल्याचं सांगायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "साप तं आमच्या घरीबी निंगते. साप कोनाच्या सांगन्यावरून येते, ते मी इचारून राह्यली."

मॅडम कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिल्या. त्या बाईला त्यांनी काही समजावलं नाही.

अर्चना वाचली. पुढच्या जूनमध्ये शाळेत परत आली. घशातल्या नळीमुळे आवाज जरा घोगरा झाला होता. पण तोवर मॅडम तिथे नव्हत्या. मुलींमध्ये भीती पसरेल असं वर्तन केल्याबद्दल चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सापाची गोष्ट सांगितली, गाद्यांची परवानगी माझी होती हेही सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही नवीन आहात, तुम्ही यात पडू नका." मी पडले नाही. दिवाळीआधी मॅडमची बदली झाली. जाताना त्यांनी वह्या दोन पोत्यांत भरल्या. तोंडाने एवढंच म्हणाल्या, की यंदा भिंतीले चुना राह्यला.

चार वर्षांनी मी दारव्ह्याला एका लग्नाला गेले होते. परत येताना काळीपिवळी टॅक्सीने वाट वाकडी करून त्यांच्या खेड्यात उतरले. त्या निवृत्त होऊन भावाच्या घरी राहत होत्या. एक डोळा मोतीबिंदूने अंधुक झाला होता. मला बघून खूप आनंद झाला त्यांना, पण हातातलं काम थांबवलं नाही. तुरी निवडत होत्या. अर्चना नर्सिंगला जायचं म्हणते, असं मी सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"एक सांगू का तुमाले?" त्या म्हणाल्या. "आजपावेतो कोनाले नाई सांगितलं. जीपमधे तिचा श्वास थांबला होता ना, लय वेळ? मी डोये मिटले होते तवा."

"आठवतंय."

"मले वाटलं, पोरी खरं तं नाई ना बोलून राह्यल्या? शांताबाई खरं तं नाई बोलून राह्यली? मी त्या पाखराची माफी मागतली. मनातल्या मनात म्हनलं, माह्या हातून चूक झाली, तुले सगळ्याइसमोर धरलं, सोड हिले." तुरीच्या सुपावर त्यांची बोटं नुसती फिरत होती. "आमच्या आज्यानं घरातून भुतं काढले. आन मी एका मिन्टात परत बोलावले. तवापासून मले सोताचंच भेव वाटते."

मी म्हटलं, "मॅडम, मी बाहेर बघत होते ना, तेव्हा मीही तेच मागत होते. अगदी तेच."

त्यांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला.

"असं?" त्या म्हणाल्या. "मंग कोनाचं आयकलं असन त्यानं?"

हे विचारताना त्या हसत नव्हत्या.